कुंदामावशी आणि बॅटरीवालं ड्रिल

कुंदामावशीने आयुष्यात कुठलीही वस्तू अंगठ्याने दाबून, हाताने तोलून आणि नाकाशी नेऊन पाहिल्याशिवाय घेतलेली नाही. पापलेट सगळेच असं घेतात, त्यात नवल नाही. पण मी तिला कलिंगड, उशी, छत्री, प्लास्टिकची बादली आणि एकदा तर मोबाईलचं कव्हरही असंच घेताना पाहिलं आहे. तिच्या मुलीला बघायला मुलगा आला होता, तेव्हा चहाचा कप हातात देता देता तिने त्याचाही दंड दाबून पाहिला, असं गावात अजून सांगतात. मी तिला खरं-खोटं विचारलं तर म्हणाली, "मंग? जन्माचा माल हाय तो. दाबून नको बगायला?" जावई अजून टवटवीत आहे.

मी तिची भाडेकरू. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत नोकरी लागली. स्टेशनजवळच्या खोल्या पाहून जीव घुसमटला, म्हणून समुद्राच्या दिशेने सरकत सरकत आलेवाडीला पोहोचले. मावशीने खोली दाखवायच्या आधी माझाच हात धरून नाकाशी नेला. "औषदाचा वास येतो तुज्या हाताला," ती म्हणाली. मी ओशाळले. "चालंल. आमच्या हाताला मासळीचा येतो. दोगींचं जमंल." झालं, खोली मिळाली.

तिचा आवाज बाजारात घडलेला. सकाळी डोक्यावर पाटी घेऊन शेअर रिक्षाने बोईसरच्या मासळीबाजारात जायची, दुपारी परत यायची आणि संध्याकाळपर्यंत अंगणापलीकडे बोंबील वाळत घालायच्या वलांडीवर राबायची. वलांडी म्हणजे खांब रोवून त्यावर बांधलेले आडवे बांबू. तिच्या वलांडीच्या रांगा घराच्या मागून थेट पुळणीपर्यंत, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूपर्यंत, गेलेल्या होत्या. कुठल्याही गोष्टीने ती एकदम हरखून जाई. नवीन झाकणाचा डबा आणला तरी पाच घरं फिरवून आणणार. आणि एखादी वस्तू पसंत पडली की एकच शिक्का मारायची, "ह्यात जीव हाय." नापसंत पडली की, "ह्यात जीव नाय." मधलं काही नव्हतं.

काका म्हणजे तिचा नवरा, बोटीवरचे तांडेल. बोटीवरची सगळी माणसं त्यांच्या नजरेवर चालायची. मावशीही त्यांना तांडेलच म्हणायची, कधी आदराने, पुष्कळदा टोमण्याने. मी राहायला आले त्याच वर्षी गणपती झाल्यावर त्यांची उजवी बाजू गेली. पालघरच्या हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा जीभ हळूहळू वळायला लागली होती, पाय मात्र वळत नव्हता. व्यायाम शिकवायला बाई यायच्या, त्यांनी मावशीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. पुढचे काही महिनेच महत्त्वाचे आहेत. कशाला तरी धरून रोज चालले तर पाय परत येईल, झोपून राहिले तर कायमचे झोपतील.

आणि काका तर कशालाच धरेनात. चालायला मदत करणारा चार पायांचा वॉकर आणला, त्याच्याकडे एकदा बघून म्हणाले, "ही पोरांची गाडी हाय," आणि पुढे त्यावर मावशीची लुगडी वाळू लागली. काठी दिली, ती खिडकीतून बाहेर गेली. न्हाणीत स्टीलची दांडी बसवून घेतली, तर म्हणाले, "हॉस्पिटलची हाय ती. मी नाय धरत." दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. समुद्र पाठीमागे, खिडकीच्या बाजूला. त्यांना तो बघायचाच नव्हता. मावशी बाजारातून आली की आधी त्यांच्या पाठीकडे बघायची आणि मग पाटी उतरवायची.

एका दुपारी ती वलांडीच्या डागडुजीसाठी बोटीवरचा जुना दोर घरात घेऊन आली. एक टोक दाराच्या कडीला बांधलं, बाकीचं वेटोळं काकांच्या खाटेवर टाकलं आणि चहा ठेवायला आत गेली. मागून आवाज आला, "ही गाठ कोनी मारली?" बाहेर येऊन बघते तर काका डाव्या हाताने दोर ओढून खाटेवरून उठून उभे. चिडून. गाठ चुकीची मारली म्हणून.

मी तेव्हा दुसऱ्या पाळीला निघायच्या तयारीत होते. मावशी माझ्या दारात आली तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. "पोरी, तांडेल उटला. दोराला धरून उटला." तिने माझे दोन्ही दंड इतके घट्ट धरले की नंतर बसमध्येही दुखत होते. मला तिच्याइतकाच आनंद झाला होता.

त्याच दिवशी बेत ठरला. खाटेपासून खोलीच्या भिंतीने, मग बोळातून, मग ओट्यापर्यंत भिंतीत कड्या बसवायच्या आणि त्यातून बोटीचा दोर ओवायचा. ज्या हाताला जन्मभर दोराची सवय, तो दोरच धरणार. पण कड्या बसणार कशा? मावशीने दगडाने खिळा ठोकून पाहिला, खिळ्याबरोबर भिंतीचा गिलावा हातभर निघून आला. बोईसरचा एक मिस्त्री "आज येतो, उद्या येतो" करत राहिला. चार भोकांसाठी एवढ्या लांब कोण येतो. एके दिवशी मावशीने फोन ठेवला आणि पदर खोचला. "भोकांसाटी मी कोनाची वाट बगू? मीच पाडते." बोळात प्लग नव्हता, ओट्यावर तर नव्हताच, आणि आमच्याकडची लाईट कधी जाईल ते सांगता येत नाही. तेव्हा मशीन बॅटरीवालं पाहिजे आणि मासळीवालीला परवडणारं पाहिजे, एवढं पक्कं झालं.

इथे माझ्या अंगात आलं. मी आयुष्यात कधी स्क्रू पिळला नव्हता, पण पुढचा आठवडाभर दुसरं काही वाचलं नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने आणि मोबाईल दुसऱ्या हाताने. बारा व्होल्ट की अठरा, मोटर कुठल्या जातीची, लोक काय म्हणतात, एकाचं मशीन का जळलं, दुसऱ्याचं का टिकलं. कंपनीतल्या मैत्रिणी माझ्या बाकावरून उठून जायला लागल्या. सगळं शिकून मी मावशीला ओट्यावर बसवून सांगितलं, की मावशी, घरच्या कामाला महागडी मोटर लागत नाही, साधी पुरते. पण विटेच्या भिंतीसाठी हॅमर पाहिजे. म्हणजे पुढचं टोकदार बिट नुसतं फिरत नाही, फिरता फिरता ठोकतंही. आणि हे इथे फोनवर मागवलं तर स्वस्तही पडतं.

मावशीने सगळे फोटो मन लावून पाहिले. मग फोन मला परत दिला. "फोटोतला मासा कोन घेतो? हातात येऊदे, मंग बोलू."

रविवारी आम्ही बोईसरला स्टेशनाजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मावशीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. दुकानदार आमच्या मागे कोणी पुरुष येतो का ते बघत राहिला. "मौसी, किसके लिए चाहिए? साहब को भेज दो ना, समझा देता हूं."

"साब घर पे सोयेला हाय," मावशी म्हणाली. "मेरेको चलाने का हाय. निकालो."

त्याने आधी लहान मुलांच्या पिचकारीएवढं काहीतरी काढलं. "लेडीज के लिए ये ठीक है." मावशीने ते उचललं, दाबलं, हुंगलं आणि बोटाने परत त्याच्याकडे ढकललं. "ह्यात जीव नाय." दुकानदाराला मराठी कळत होतं, कारण त्यानंतर त्याने गुपचूप तीन खरी मशिनं काउंटरवर मांडली. मावशीने ती लहान-मोठी अशी ओळीने लावून घेतली, जशी ती बाजारात पापलेटं लावते, आणि तिचे डोळे चमकायला लागले.

तिचा हात सरळ सगळ्यात मोठ्यावर गेला. "हे बग. अंगाने भरलंय." जड ते चांगलं, मासळीत आयुष्य गेलेल्या बाईचा हा हिशोब. किंमत तिच्या आवाक्याबाहेर होती तरी तिचा हात तिथून हलेना. मी म्हटलं, "मावशी, मासा एकदा उचलायचा आणि पाटीत टाकायचा. हे भिंतीला लावून धरून ठेवायचंय." तिला ते एकदम पटलं. मग तिने तिथेच मोठं मशीन हात लांब करून समोरच्या कॅलेंडरवर रोखलं आणि तशीच उभी राहिली. दुकानदाराने तोवर चहा सांगितला. चहा येईपर्यंत मशीन कॅलेंडरवरून घसरत घसरत काउंटरपर्यंत आलं होतं. "जड हाय," तिने कबूल केलं, आणि फार मोठी गोष्ट कळल्यासारखी माझ्याकडे बघून हसली.

सगळ्यात लहान मशिनाचा तिला मोह पडला, हातात छान बसत होतं. पण मी हटून बसले की वीट आणा. दुकानदाराने कुरकुरत मागून वीट आणली. लहानाला हॅमर नव्हता, ते गरगर फिरलं आणि विटेवर नुसती लाल भुकटी जमली. मग मधलं लावलं. खडखडाट झाला, दुकानातली सगळी माणसं वळून बघू लागली आणि बिट विटेत सरळ आत गेलं. मावशीने टाळ्या वाजवल्या. मग चालून गरम झालेल्या मशिनाच्या हवेच्या फटींना नाक लावून तिने खोल श्वास घेतला. "तापलंय. पन जळका वास नाय." बिट जिथे बसतं ते पुढचं तोंड धरून हलवून पाहिलं, जसं ती माशाचे कल्ले उघडून पाहते. ढिलं नव्हतं. मी खोक्यात बॅटऱ्या दोन आहेत ना ते पाहिलं, एक हातात असताना दुसरी चार्जिंगला लावता यावी म्हणून, आणि वॉरंटीच्या कार्डावर शिक्का मारून घेतला.

"ह्यात जीव हाय," मावशी म्हणाली. दुकानदार सुटल्यासारखा हसला, पण तो फसला होता. घासाघीस अजून व्हायची होती. रोज बाजारात गिऱ्हाइकं तिच्याशी जशी भांडतात त्याचा तिने तिथे पुरेपूर वचपा काढला. भिंतीत रुतून बसणारे लोखंडी फास्टनर, तोंडाशी कडी असलेले, तिने बिटांच्या डबीसकट त्यातच मिळवले. मशीन मासळीच्या पाटीत, वर फडकं, आणि पाटी मांडीवर. रिक्षात ती वाटेतल्या प्रत्येक ओळखीच्या बाईला फडकं वर करून दाखवत होती.

त्या संध्याकाळी घरात जे काही भोक पाडण्याजोगं होतं त्याला भोक पडलं. करवंट्या, मोडका पाट, परसातल्या भिंतीचा कोपरा. शेजारच्या बायका ओट्यावर जमल्या, प्रत्येकीला एकेक भोक पाडायला मिळालं. आतून काका ओरडले, "घर पाडताय काय?" मावशी खूष. कित्येक दिवसांत ते आपण होऊन काही ओरडले नव्हते. बॅटऱ्या उतरल्या तशा मी त्या चार्जिंगला माझ्या खोलीत नेल्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कड्या बसवायच्या ठरवून झोपले.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले, अंगणातून सहज वलांडीकडे बघितलं आणि जागेवरच थांबले. बोंबलांच्या रांगेत, दोन बोंबलांच्या मधे, ड्रिल मशीन उलटं टांगलेलं होतं. खालच्या टोकातून थेंब थेंब पाणी गळत होतं.

"लाल धूळ बसली व्हती त्याच्यावर," मावशी मागून मोठ्या समाधानाने म्हणाली. "मस्त धुवून काढलं."

कोळ्याच्या घरात कापणारं, टोचणारं जे काही हत्यार आहे, ते काम झालं की गोड्या पाण्याने धुऊन उन्हात टांगायचंच. कोयता, विळी, सुरी. न धुता ठेवलं तर खारी हवा रात्रीत गंज चढवते. तिच्या आईने तिला शिकवलं, तिने मुलीला शिकवलं. मशीनही हत्यारच. मी सांगितलं की विजेच्या मशिनाला पाणी चालत नाही, आणि पाणी गेलेलं दुकानदार परत घेत नाही. बॅटऱ्या माझ्याकडे होत्या म्हणून तेवढ्या वाचल्या.

मशीन काढून मांडीवर घेऊन मावशी ओट्यावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आता तो परत भिंतीकडंच तोंड करंल गं."

आतून काकांचा आवाज आला. "कुंदे, काय मेलं?"

तिने आत जाऊन सांगितलं. मी दारात उभी. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "खाऱ्या पान्यानं धुतलं का गोड्या?"

"गोड्या."

"मंग रडतेस काय? माजं बोटीचं इंजिन खाऱ्या पान्यात पडलं व्हतं. चाललं नाय ते? आन हितं. उजेडाला आन." उजेड खिडकीपाशी होता. त्यांनी डावा हात दाराच्या कडीला अजून बांधलेल्या त्या दोराकडे टाकला, आणि आम्ही दोघी धावायच्या आत ते उठून खिडकीजवळ टेकले. समुद्राच्या बाजूला.

पुढचे दिवस घरात बोटीवरचा कारभार सुरू झाला. हुकूम काकांचा, हात मावशीचे. स्क्रू काढ. वाटीत ठेव, सांडू नको. आतलं पानी फडक्यानं टिप, घासू नको. सकाळी ऊन, संध्याकाळी टेबलफॅन. मी घाई करून बॅटरी लावून पाहूया म्हटलं तर मला असा दम मिळाला की त्यांच्या बोटीवरची माणसं नजरेवर का चालायची ते कळलं. "वलं हाय अजून. मी सांगीन तवा." (हे कोणी वाचून घरी करू नये. आमच्याकडे तांडेल होता.) मावशी सगळे हुकूम चोख पाळत होती आणि मधून मधून माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती. बाजारात गेली तरी तिचं लक्ष घरी असायचं.

एका सकाळी काकांनी मशीन मागितलं. नाकाशी नेलं, हुंगलं, मावशीसारखंच. मग छातीशी दाबून धरून डाव्या हाताने बॅटरी सरकवली आणि बटण दाबलं. मशीन एकदा खोकलं. थांबलं. मावशीने माझा हात धरला. काकांनी परत दाबलं आणि ते घरघरत सुरू झालं.

"जीव हाय," काका म्हणाले.

अख्ख्या दुनियेला हे सांगत फिरणारी मावशी तडक आत चहा ठेवायला गेली. त्या दिवशीचा चहा इतका गोड झाला होता की पिववेना, तरी तिघांनी प्यायला.

भोकं मावशीनेच पाडली. डोळ्यांना माझा प्रयोगशाळेचा चष्मा, डोक्याला फडकं. पहिल्या खुणा काकांनी करायच्या, खाटेवर बसून, हात जिथे सहज पोहोचतो तिथे खडूने, आणि पुढे ओट्यापर्यंत त्याच उंचीवर मावशीने. पहिलं भोक तिरकं गेलं, काकांनी ते पटलं नाही म्हणून सांगितलं, दुसरं सरळ गेलं. भिंतीतून विटेचा भुगा सांडत होता आणि मावशी दर भोकानंतर मशीन बंद करून आत फुंकर मारून डोळा लावून बघत होती. कड्या बसल्या, दोर ओवला गेला, आणि गाठी सगळ्या काकांनी मारल्या, डावा हात आणि दात. त्यावर कोणाला हात लावायची परवानगी नव्हती.

ते पहिल्यांदा ओट्यापर्यंत चालत आले तेव्हा मी ओट्यावरच होते. दोर धरून, थांबत, घाम पुसत. मावशी मागे मागे, हात लावायचा नाही असं बजावलेलं, त्यामुळे हात हवेत धरून. ओट्यावर पोहोचून त्यांनी समुद्राकडे पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील. म्हणाले, "भरती लागली." मावशी पदर तोंडाला लावून हसत होती आणि रडतही होती, आणि तिला ते लपवायचं नव्हतं.

ओटा हे ठिकाण फार दिवस पुरलं नाही. काका ओट्यावरून अंगणाकडे बघू लागले की मावशी मशीन काढायची. दोर ओट्याच्या खांबावरून अंगणात उतरला, अंगणातून वलांडीच्या पहिल्या खांबाला गेला. मग दर सुट्टीला एक-दोन खांब पुढे. लाकडाला हॅमर लागत नाही हे मी तिला दाखवलं होतं, तर ती बाजारात ते सगळ्यांना समजावून सांगायची. मशीन ती आता धूत नव्हती. कोरड्या फडक्याने पुसायची, आणि पुसता पुसता वलांडीकडे एकदा खंतावून बघायची, कारण तिच्या मनातून न धुतलेलं हत्यार अजून गेलं नव्हतं. शेजारणींच्या भिंतीतही कड्या बसल्या, पाळण्याला, पंख्याला, देवाच्या फोटोला. प्रत्येक ठिकाणी ती भोक पाडायच्या आधी भिंतीला अंगठा दाबून बघायची.

मग माझी पालघरच्या कार्यालयात बदली झाली. सामान न्यायला टेम्पो आला त्या सकाळी मावशी घरात नव्हती. काकांची खाटही रिकामी. टेम्पोवाला घाई करत होता, मी तशीच दोराच्या बाजूने मागे गेले. बोंबलांच्या रांगांमधून दोर एका खांबावरून दुसऱ्या खांबावर जात होता आणि शेवटच्या खांबाशी संपला होता. त्यापुढे नुसती पुळण, ओहोटीचं पाणी लांब गेलेलं. तिथे ना भिंत, ना खांब, भोक पाडायला काहीच नाही.

दोघं तिथे उभी होती. काकांनी शेवटच्या खांबाला धरलं होतं आणि पाण्याकडे बघत होते. मावशीने मशीन खांबाच्या खिळ्याला अडकवलं. दोराचं उरलेलं वेटोळं उचललं, टोक स्वतःच्या कमरेभोवती घेतलं आणि पाठ त्यांच्याकडे करून उभी राहिली. काकांनी डाव्या हाताने आणि दातांनी गाठ मारली, ओढून पाहिली, परत सोडून परत मारली.

"चला, तांडेल," मावशी म्हणाली, आणि वाळूवर पुढे चालू लागली. दोर ताणला गेला, आणि काका खांब सोडून तिच्या मागे निघाले.